पिशवी, सीडी आणि लाल चौकट

कॅन्सरचा पेशंट पुण्यात पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या नातेवाइकाच्या हातात एक पिशवी असते. जुन्नरहून या, बार्शीहून या, पिशवी बहुधा कापड दुकानाचीच. आत बायॉप्सीचा कागद, सीटीच्या फिल्म, कुणाच्याच कॉम्प्युटरवर न उघडणारी एक सीडी आणि मेडिकलची बिलं. या ऐवजावर सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकत्र बसून उपचार ठरवायचे. याला आम्ही ट्यूमर बोर्ड म्हणतो. ब्रिटनमध्ये १९९५च्या काल्मन-हाइन अहवालानंतर ही पद्धत पक्की झाली. गरज उघड आहे: सर्जनला एकट्याला विचारलंत तर तो ऑपरेशनच सुचवणार. मी सर्जनच आहे, म्हणून सांगते.

आमचं बोर्ड बरीच वर्षं खरं तर व्हॉट्सॲपवर भरायचं. मी पूर्वी जिथे होते तिथली गोष्ट. एका आबांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर, तंबाखूचाच. सीटीच्या फिल्मचा फोटो ग्रुपवर आला. हाड मोकळं दिसतंय, जबडा वाचवू, असं ठरलं. मीही अंगठा टाकला. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाईंनी मूळ फिल्म खिडकीशी धरली आणि विचारलं, "अहो, ही अकरा आठवड्यांपूर्वीची आहे ना?" नाव दिसू नये म्हणून फोटो काढणाऱ्याने वरची पट्टी कापली होती. तारीख त्या पट्टीवरच होती. पुन्हा सीटी केला. गाठ जबड्याच्या हाडात घुसली होती. स्टेज बदलली, ऑपरेशन बदललं, आबांच्या घरच्यांशी सगळं बोलणं पुन्हा पहिल्यापासून.

आता बोर्डासाठी आम्ही वापरतो त्या सॉफ्टवेअरकडे येते. त्यात प्रत्येक माहितीची एक चौकट असते; माहिती नसेल तर ती लाल दिसते. लोकांना वाटतं, यंत्र उपचार सांगणार. माझ्या लेखी त्याचं मोठं काम फार साधं आहे: काय नाही ते दाखवणं. स्कॅन मूळ डायकॉम फाइल, म्हणजे मशीनमधून निघालेली मूळ डिजिटल फाइल, म्हणूनच येतो, तारखेसकट. मग गाठ मिलिमीटरमध्ये मोजता येते, एका क्लिकवर मऊ भागाऐवजी हाड बघता येतं. फोटोत यातलं काही होत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दोन सेंटिमीटरच्या आतली गाठसुद्धा ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर स्टेज वर सरकते. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात ती खोली लिहिली नसेल तर चौकट लाल राहते. स्तनाच्या कॅन्सरात हर-टू या प्रथिनाचा रिपोर्ट 'दोन प्लस', म्हणजे धड हो ना धड नाही, असा आला आणि खात्री करणारी फिश तपासणी बाकी असली तरी लाल. लाल असेपर्यंत केस बोर्डाच्या यादीत चढत नाही. आमचे एक ज्येष्ठ सहकारी याला 'रेशन कार्डाची खिडकी' म्हणतात. चिडून म्हणतात, पण आता तेच रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, आधी लाल चौकटी विचारतात.

यंत्राने उपचारच सुचवावेत, हा प्रयोगही झाला. आयबीएम कंपनीचं वॉटसन हे कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शिकवून तयार केलं; भारतातही काही रुग्णालयांनी घेतलं. त्याच्या काही शिफारशींवर कडक टीका झाली आणि २०२२मध्ये आयबीएमने वॉटसन हेल्थ या आपल्या आरोग्य विभागाचा मोठा भाग विकून टाकला. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांची सवय बार्शीच्या पेशंटला कशी लागू पडणार? त्यापेक्षा आपल्याकडचा नॅशनल कॅन्सर ग्रिडचा मार्ग मला पटतो. २०१२पासून टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशभरची रुग्णालयं जोडली गेली. लहान केंद्रातला डॉक्टर ऑनलाइन बोर्डात आपली केस मांडतो. निर्णय माणसंच घेतात, फक्त जास्त माणसं.

एक चौकट मात्र आम्ही स्वतः घातली: 'पुण्यात राहणार कुठे?' ऑपरेशननंतर रेडिएशनचे ३० शेक, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. ऊसतोडीच्या हंगामात घरचा कर्ता माणूस सहा आठवडे इथे बसेल का? आमच्या समन्वयक ताई फोन करून विचारतात आणि उत्तर जसंच्या तसं लिहितात: "मेव्हणा हडपसरला आहे, पण खोली एकच." हे वाचल्यावर बोर्डातली चर्चा वेगळी होते. कधी गावाजवळचं रेडिएशन केंद्र शोधलं जातं, कधी धर्मशाळेला फोन जातो.

आता तुमच्या कामाचं. सीटी केल्यावर सीडी मागून घ्या आणि ती उघडते का ते तिथेच बघा. बोर्डाचा लेखी निर्णय मागा. कोण हजर होतं ते त्यावर असावं, कुणाचं मत वेगळं पडलं असेल तर तेही. आणि बायॉप्सीचा ब्लॉक, मेणातला तो बोटभर तुकडा, लॅबमधून सोडवून आणा. पुढच्या तपासण्या त्यातूनच होतात. फक्त उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. मेण आहे ते.