दाद किती लांबून येते

[दृश्य: वाड्याची माडी, गाण्याची बैठक. सतरंजीवर सोलापुरी चादरी. तबल्यावर हातोडी पडते.]

पन्नासेक माणसं, माईक नाही. गायक आणि पहिला श्रोता यांच्यात हातभर अंतर. चादरी खोलीचा घुमारा पितात, त्यामुळं तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, सुटी ऐकू येते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, कुणाची मान हलली की गायकाला दिसतं. मग तीच सुरांची जागा तो पुन्हा घेतो, जरा वेगळ्या वाटेनं. ख्याल, म्हणजे रागाचा विस्तार करत जाणारं गाणं, गाणाऱ्यांचा बैठकीवर जीव का, ते इथं बसल्यावर कळतं.

[दृश्य: सोलापूरचं होम मैदान, तिन्हीसांज.]

आता सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा, म्हणजे मोठी जत्रा, भरतो, त्या होम मैदानावर या. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. समजा, स्पीकर मंचाशीच आहेत आणि श्रोता ८५ मीटरवर. सम त्याच्यापर्यंत पोचायला पाव सेकंद, त्याची टाळी परतायला पाव सेकंद. मिनिटाला २४० मात्रांचा, म्हणजे ठोक्यांचा, द्रुत (जलद) तीनताल चालू असेल, तर तोवर दोन मात्रा पुढं गेल्या. गायक नव्या जागेवर, दाद मागच्या जागेची! त्यात डोळ्यांवर झोत, समोर काळोख, आणि पायाशी ठेवलेल्या मॉनिटर स्पीकरमधून स्वतःचाच आवाज. माझं मत विचाराल, तर विलंबित, म्हणजे संथ लयीचा ख्याल मैदानावर मांडूच नये.

शाहिराचं मात्र उलट. डफाची थाप, तुणतुणं, मागं ‘जी जी’ची झील धरणारे साथीदार, हा सगळा थाटच उघड्यावरचा. आपल्या जिल्ह्यातले, बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हजारोंच्या सभांपुढं गायले. तो आवाज माडीत मावला नसता. पोवाड्याला गर्दी लागतेच. एकाच्या अंगावर काटा आला की शेजारच्याच्याही येतो.

[दृश्य: हुतात्मा स्मृती मंदिर. रिकाम्या खुर्च्या.]

१२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेलेल्या चार सोलापूरकरांची आठवण जपणारं हे नाट्यगृह. दुपारी रिकाम्या खुर्च्यांसमोर आवाज जुळवला, तरी रात्री तो पुन्हा जुळवावा लागतो. माणसं आणि त्यांच्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. बैठकीत वाढलेला गायक इथं आला की बहुतेकदा एकच मागणी करतो: समोरचे दिवे पूर्ण मालवू नका, चेहरे दिसू द्या.

[दृश्य: प्रेक्षागृह, दिवे मंद.]

तिसऱ्या रांगेत एक आजोबा मांडीवर ताल धरून बसलेत. गायक त्यांच्याकडं बघतो आणि षड्ज लावतो.