काटा हलत नाही तेव्हा

(दृश्य : हडफड्याचा रस्ता. विश्वचषकाचे फलक. मग एका फोनचा पडदा, त्यावर संपलेला डाव.)

नोव्हेंबर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात भरला. बार्देशातल्या हडफड्याला २०६ खेळाडू उतरले. स्पर्धा बाद पद्धतीची, करंडकाला विश्वनाथन आनंद यांचं नाव. विश्वविजेता गुकेश तिसऱ्याच फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून हरला आणि बाहेर पडला. शेवटी करंडक उचलला तो उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या जावोखिर सिंदारोवने. बाकी सगळ्यांच्या वाट्याला कुठे ना कुठे हार आलीच.

त्या दिवसांत गोव्यातल्या कितीतरी घरांत पट पुन्हा मांडले गेले. कुणी मुलांसाठी नवा घेतला, कुणी फोनवर खेळू लागलं. सुरुवातीचे आठवडे मजेचे असतात. घोडा कसा उडी मारतो ते हातात बसतं, रेटिंग, म्हणजे आपल्या खेळाची पातळी सांगणारा आकडा, रोज थोडं वर जातं. आणि मग एके दिवशी ते वर जायचं थांबतं. आठवडा जातो, महिना जातो. जिंकतो तेवढंच हरतो. आजची आपली गोष्ट इथून पुढची आहे.

(दृश्य : डिचोलीची बाजारपेठ, दुपार. शटर खाली ओढलेली दुकानं.)

डिचोलीत औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ. वय पंचेचाळिशीच्या पुढे. जेवणानंतर दुकान बंद असतं, तेव्हाचे दोन-तीन तास त्यांचे स्वतःचे. विश्वचषकापासून ते या वेळेत फोनवर डाव खेळतात. रेटिंग ८५० च्या आसपास पोचलं आणि तिथेच बसलं. मग त्यांनी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. आणखी डाव खेळले. हरल्यावर लगेच दुसरा, तोही तीन-तीन मिनिटांचा. यूट्यूबवर ओपनिंगचे व्हिडिओ बघून पहिल्या दहा चाली पाठ केल्या. समोरच्याने चौथ्याच चालीला भलतंच काही खेळलं की पाठांतर संपलं. रात्री जेवताना ते गप्प असत. घरच्यांना वाटे, दुकानात काही झालं असेल.

ही चिडचिड खरी असते, तिला हसण्यावारी नेऊ नये. मोठ्या माणसाने नव्याने काही शिकायला घेतलं की तो आपला मान पणाला लावतो. त्यात आपल्यासमोर उदाहरणं कुणाची? गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल. वयाच्या १४ व्या वर्षी ग्रँडमास्टरचे निकष पूर्ण करणारा लिऑन मेंडोन्सा. २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघातली भक्ती कुलकर्णी. त्यांचा अभिमान वाटायलाच हवा. पण लहानपणापासून पटाशी बसलेल्या या खेळाडूंच्या वाटेवर आपलं चार महिन्यांचं अंतर मोजायला गेलं, तर पदरी निराशाच येणार.

(दृश्य : वहीत काढलेला चढउताराचा आलेख.)

आधी रेटिंगचं गणित बघू. ते अर्पाद एलो या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवलं आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० मध्ये स्वीकारलं. तुमचं रेटिंग समोरच्यापेक्षा २०० ने जास्त असेल, तर या गणिताप्रमाणे तुम्हाला १०० डावांत साधारण ७६ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळायला हवेत. उरलेले २४ समोरच्याचे. म्हणजे इतक्या कच्च्या खेळाडूकडूनही अधूनमधून हरणं हिशेबात धरलेलंच आहे. तुल्यबळ खेळाडूशी १०० डाव खेळलात, त्यात बरोबरी एकदाही झाली नाही असं धरलं, तरी कधीतरी सलग पाच डाव हरण्याची शक्यता दहात आठ इतकी येते. त्या पाच हारींच्या रात्री माणूस म्हणतो, माझं डोकंच चालेनासं झालंय. तसं नसतं. पण त्या तिरीमिरीत खेळलेला सहावा आणि सातवा डाव मात्र खरोखरच वाईट असतो. म्हणून सलग दोन हरलात तर फोन ठेवून द्या. आमचं हे ठाम मत आहे.

मग काटा अडकतो कशाने? याचं एक जुनं उत्तर बुद्धिबळाच्या बाहेर सापडतं. १८९७ आणि १८९९ मध्ये ब्रायन आणि हार्टर या दोन अमेरिकी संशोधकांनी तारखात्यात शिकाऊ असलेल्यांची प्रगती मोजली. कट्ट-कड कट्ट ऐकून संदेश उतरवण्याचा वेग आधी वाढत गेला, मग बरेच आठवडे सपाट राहिला, आणि नंतर पुन्हा चढला. त्यांचं म्हणणं असं, की त्या सपाट काळात शिकणं थांबलेलं नसतं. सुटी अक्षरं आणि शब्द ओळखायची सवय अजून इतकी मुरलेली नसते, की लक्ष मोकळं होऊन अख्ख्या वाक्याकडे वळेल.

पटावर हेच १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन अमेरिकी संशोधकांनी दाखवलं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर तरबेज खेळाडू सुमारे १६ मोहरे बरोबर मांडायचा, नवशिक्या सुमारे चार. पण मोहरे पटावर कसेही विखरून ठेवले, तर दोघांतला हा फरक जवळजवळ नाहीसाच झाला. म्हणजे तरबेज माणसाची स्मरणशक्ती अचाट नव्हती. तो सुटे मोहरे बघतच नव्हता, ओळखीचे पुंजके बघत होता.

आमच्या औषधवाल्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार समजावावं लागलं नाही. डॉक्टरांची चिठ्ठी ते एका नजरेत वाचतात. दुकानात नवा आलेला मुलगा एकेक अक्षर लावत बसतो आणि तरीही चुकतो. ‘मी पटावर त्या पोरासारखा आहे तर,’ ते म्हणाले, आणि त्या दुपारी पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

(दृश्य : पट. एक आठवीतली मुलगी, समोर मामा.)

वळण आणलं ते भाचीने. ती तालुक्याच्या स्पर्धा खेळते, चाली लिहून ठेवायची तिला सवय आहे. तिने मामांचे हरलेले डाव एकापाठोपाठ एक पटावर मांडले. एका डावात त्यांचा वजीर आणि घोडा समोरच्या राजाला घेरून उभे होते, एका चालीत मात दिसत होती. त्याआधी समोरच्याचा हत्ती सरळ आठव्या ओळीवर उतरला. मामांचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांमागे कोंडलेला. शह आणि मात.

‘मामा, तू त्याची चाल बघतच नाहीस. तू फक्त तुझीच बघतोस.’

दुसरा डाव, घोड्याने एकाच वेळी राजाला शह आणि हत्तीवर घाव. तिसरा, वजीर फुकट. चौथा, पुन्हा तीच मागची ओळ. ओपनिंगमुळे हरलेला डाव त्यात एकही नव्हता. या पातळीवर बहुतेक डाव असेच जातात: कुणाचा तरी मोहरा उघड्यावर राहतो आणि समोरच्याला तो दिसतो.

भाचीने नेम घालून दिला. समोरच्याने चाल केली की आधी तीन गोष्टी बघायच्या: तो शह देऊ शकतो का, काही मारू शकतो का, कशावर धमकी आहे का. आपली चाल ठरल्यावर, बोट लावण्याआधी, हेच तिन्ही प्रश्न पुन्हा. तीन मिनिटांच्या डावात हे जमणं शक्यच नाही, म्हणून डाव १५ मिनिटांचा आणि प्रत्येक चालीला दहा सेकंद वाढीव. दिवसाला एकच. आणि हरलेला डाव संगणकाला दाखवण्याआधी वहीत एक ओळ लिहायची: मी कुठे फसलो आणि तेव्हा माझ्या मनात काय होतं. संगणक चुकीची चाल लगेच दाखवतो, पण ती खेळताना तुम्ही काय विचार करत होता हे त्याला कुठून कळणार?

इथे एक जुनी गोष्ट आठवते. अल्बुकर्कने गोवा घेतला १५१० मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५१२ मध्ये, पेद्रू दामियानू नावाच्या पोर्तुगीज माणसाचं बुद्धिबळावरचं पुस्तक रोममध्ये छापलं गेलं. चांगली चाल दिसली तरी तिच्याहून चांगली आहे का ते शोधा, हा सल्ला त्याच्या नावावर सांगितला जातो. आणि हा दामियानूही पेशाने औषधविक्रेताच. डिचोलीच्या दुकानात ही माहिती फार आवडली.

(दृश्य : वहीची पानं.)

पहिले काही आठवडे रेटिंग उलट खाली गेलं. तीन प्रश्नांत वेळ जायचा, घड्याळावर हरायचे. नेम सोडून द्यावा असं वाटण्याचा धोका इथेच सगळ्यात जास्त असतो, कारण नवी सवय लागेपर्यंत ती जुन्या खेळालाही अडथळा करते. ते थांबले नाहीत, कारण वही वेगळं सांगत होती. सुरुवातीच्या पानांवर एकच वाक्य पुन्हापुन्हा येतं: ‘दिसलंच नाही.’ पुढे ते विरळ होत जातं. नंतरच्या पानांवर आहे: ‘मोहरे बरोबरीत, प्यादं जास्त होतं, तरी जिंकता आलं नाही.’ ‘त्याचा राजा मध्यावर आधी पोचला.’

रेटिंग आता ९०० च्या थोडं वर आहे. पण भाचीला आनंद झाला तो वही वाचून. मामा आता डावाच्या शेवटापर्यंत पोचून हरत होते. तिने पटावरून सगळं उचललं, दोन राजे आणि एक पांढरं प्यादं तेवढं ठेवलं, राजे एक घर सोडून समोरासमोर उभे केले.

‘आता चाल काळ्याची,’ ती म्हणाली. ‘सांग, हे प्यादं शेवटच्या ओळीत पोचून वजीर होणार की नाही?’

मामांनी चार वाजता दुकान उघडायचं होतं. त्या दिवशी ते थोडं उशिरा उघडलं.