तेवढा आकडा लिहून पाठवा

नमस्कार, श्रोतेहो.

पहिली गाडी घ्यायला मी शोरूममध्ये गेले, तेव्हा सोबत माझा धाकटा भाऊ होता. गाडी माझी, पैसे माझे, चालवणारही मीच. भाऊ तेव्हा कॉलेजात होता, नुसता सोबत म्हणून आला होता. तरी सेल्समन दीड तास त्याच्याशीच बोलत राहिला. इंजिनाची माहिती त्याला सांगितली आणि सीट कव्हरचे रंग मला दाखवले. मी किंमत विचारली की म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला जमेल असंच करून देऊ." आकडा काही तोंडातून निघेना. "साहेबांना विचारून येतो" म्हणत तो तीनदा आत गेला. तिसऱ्यांदा बाहेर आला तोवर दिवेलागण झाली होती, मी थकले होते, भावाला भूक लागली होती. मी सही करून मोकळी झाले. रात्री घरी कागद नीट वाचले, तेव्हा मी न मागितलेली वाढीव वॉरंटी, न मागितलेलं कोटिंग आणि हँडलिंग चार्ज या नावाची एक रक्कम त्यात सापडली.

दुसरी गाडी मी फोन आणि ईमेलवर घेतली. शोरूमची पायरी चढले ती थेट ताबा घ्यायला. ते कसं केलं, हे आज तुम्हाला सांगायचं आहे, कारण असं करता येतं हे मला त्या पहिल्या वेळी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझा अनुभव माझ्या एकटीचा नव्हता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. इयान एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी नव्या गाड्यांच्या शोरूममध्ये जोडीजोडीने गिऱ्हाईकं पाठवली. जोडीतल्या दोघांनी तीच गाडी मागायची, तेच बोलायचं, तशीच घासाघीस करायची, सगळं आधी पाठ करून घेतलेलं. अशा ३०० हून अधिक जोड-भेटी झाल्या. गोऱ्या पुरुषांना सांगितलेला भाव स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना सांगितलेल्या भावापेक्षा ठळकपणे कमी निघाला. बोलणं एकच, भाव वेगळा. म्हणजे भाव ठरत होता तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून. पुढे २००३ मध्ये आणखी एक अभ्यास आला. इंटरनेटवरून विक्रेत्यांकडे भाव मागवणारे आणि थेट दुकानात जाणारे यांनी शेवटी किती पैसे मोजले, याची त्यात तुलना होती. दुकानात जाणाऱ्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, गिऱ्हाइकांना इतरांपेक्षा साधारण २ टक्के जास्त मोजावे लागत होते. इंटरनेटवरून भाव मागवणाऱ्यांत हा फरक जवळजवळ उरलाच नव्हता.

मेलला चेहरा नसतो, श्रोतेहो. आवाजातला संकोच त्यात उतरत नाही, आणि दिवेलागण झाली म्हणून मेल थकत नाही. समोरासमोर बोलायला जे बिचकतात, ज्यांना "नाही" म्हणणं जड जातं, त्यांच्यासाठी तर हा मोठाच आधार आहे.

मात्र याआधी एक काम स्वतः जाऊनच करायचं: गाडी चालवून बघणं. जा, चालवा, मागच्या सीटवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बसवून पाहा, डिकी उघडून बघा. किंमत विचारली गेलीच तर "आज फक्त बघायला आले आहे" एवढंच सांगून घरी या. मॉडेल, व्हेरियंट, रंग हे सगळं घरी बसून ठरवा. कोणती गाडी हेच अजून ठरलं नसेल तर भावाचं बोलणं सुरू करू नका. दोन्ही प्रश्न एकदम उघडे राहिले की विक्रेता त्यांची सरमिसळ करतो आणि आपला धागा सुटतो.

मग पत्र. एकच पत्र पाच-सहा विक्रेत्यांना पाठवायचं. मी काय लिहिलं होतं ते सावकाश वाचते, हवं तर उतरवून घ्या.

"नमस्कार. मला अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट, पांढऱ्या किंवा राखाडी रंगात या महिन्यात घ्यायचं आहे. गाडी चालवून पाहिली आहे, निवड पक्की आहे. कर, नोंदणी, विमा आणि तुमचे सर्व खर्च धरून, गाडी माझ्या ताब्यात येईपर्यंत मला एकूण किती रक्कम द्यावी लागेल तो एक आकडा, आणि त्याखाली त्याची फोड, कृपया याच मेलला उत्तर म्हणून पाठवावी. हेच पत्र मी आणखी पाच ठिकाणी पाठवलं आहे. ज्यांचा एकूण आकडा सर्वांत कमी असेल, त्यांच्याकडे मी गुरुवारपर्यंत बुकिंग करेन."

पत्र एवढंच. यातला "एकूण" हा शब्द सगळ्यांत मोलाचा. सूट किती देणार, असं कधीच विचारू नका. एका हाताने मोठी सूट देऊन दुसऱ्या हाताने विम्यात, अॅक्सेसरीजमध्ये, हँडलिंगमध्ये ती परत काढून घेता येते. एकूण आकड्यात लपायला जागा नसते. आणि "आणखी पाच ठिकाणी" लिहिलं असेल तर खरोखरच पाच ठिकाणी पाठवा. दुसऱ्याने न दिलेला भाव दिला म्हणून सांगू नका. समोरचा "दाखवा ते कोटेशन" म्हणाला की आपली जीभ अडखळते, आणि मग आपल्या खऱ्या बोलण्यालाही वजन उरत नाही.

उत्तरं कशी येतात? मला सहापैकी दोघांनी कळवलंच नाही. दोघांनी "एकदा भेटायला या" असं लिहिलं. एकाने सरळ आकडा पाठवला. आणि सहाव्याने फोन केला.

"मॅडम, बेस्ट प्राइस मेलवर देता येत नाही आम्हाला."

"काही हरकत नाही, फोनवर सांगा. मी लिहून घेते."

थोडा वेळ तो काहीच बोलला नाही. मीही बोलले नाही. फोनवरची ही शांतता फार अवघड वाटते, आपल्यालाच काहीतरी बोलून ती भरून काढावीशी वाटते. भरू नका. पेन हातात धरून थांबा. शेवटी त्याने आकडा सांगितला.

"हा सगळं धरून ना? विमा, नोंदणी, हँडलिंग?"

"हँडलिंग वेगळं मॅडम."

"मग ते मिळवून सांगा."

त्याने मिळवून सांगितलं. फोन ठेवल्याबरोबर मी त्याला मेल लिहिला: "आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे एकूण रक्कम इतकी, त्यात अमुक अमुक धरलेलं आहे. बरोबर असल्यास 'बरोबर' एवढंच उत्तर पाठवा." अर्ध्या तासात उत्तर आलं. माणूस काय बोलतोय, कुठे अडतोय, हे फोनवर ऐकू येतं. पण शब्द बांधला जातो तो लिहिल्यावरच. प्रत्येक फोननंतर हा चार ओळींचा मेल पाठवायचाच.

फोनवर एक प्रश्न हमखास येईल: "महिन्याला किती हप्ता झेपेल?" याला उत्तर देऊ नका, अगदी कळकळीने सांगते. हप्ता सांगितला की बोलणं किमतीवरून उठून हप्त्यावर जाऊन बसतं, आणि हप्ता लहान करायला मुदत वाढवली की काम भागतं. हिशेबच करून बघा. दर साल दर शेकडा १० व्याजाने घेतलेलं १०० रुपयांचं कर्ज ४८ महिन्यांत फेडलं तर एकूण सुमारे १२२ रुपये भरावे लागतात. तेच ८४ महिन्यांत फेडलं तर हप्ता एक तृतीयांशाने उतरतो, पण एकूण भरणा जातो सुमारे १३९.५ रुपयांवर. गाडी तीच. आणि "फ्लॅट रेट" हा शब्द ऐकलात तर सावध व्हा. ५ वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज मूळ रकमेवरच चालू राहतं. घटत्या शिलकीच्या, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरण्याच्या हिशेबाने तो दर १७ टक्क्यांच्या वर पडतो. कर्जाची चौकशी आधी बँकेत वेगळी करून ठेवा आणि विक्रेत्याला सांगा, "पैशांची सोय झाली आहे, तुम्ही गाडीचा आकडा द्या." जुनी गाडी द्यायची असेल तर तिचंही बोलणं नव्या गाडीचा भाव लेखी आल्यानंतरच काढा.

मला आकडा देणारे शेवटी दोघे उरले. कमी आकडा किती, हे नाव न घेता दुसऱ्याला कळवलं आणि यापेक्षा खाली येता येईल का, असं एकदाच विचारलं. एकदाच. तो थोडा खाली आला, मी त्याच्याकडे बुकिंग केलं. अजून ओढता आलं असतं असं काहींना वाटेल, पण मला ते पटत नाही. पलीकडच्या माणसाचीही रोजी यावरच चालते. महिनाअखेरीला त्याला ठरावीक गाड्या विकून दाखवायच्या असतात. शोरूममध्ये उभ्या असलेल्या गाड्या पुष्कळदा कर्जाऊ पैशावर आणलेल्या असतात, जितके दिवस त्या पडून राहतात तितकं व्याज चढतं. म्हणूनच त्याला उतरता येतं, आणि म्हणूनच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पत्र पाठवणं फायद्याचं ठरतं. पण दिलेल्या दिवशी निर्णय घ्या, शब्द पाळा, आणि ज्यांच्याकडून घेत नाही त्यांनाही दोन ओळी लिहून कळवा.

वापरलेली गाडी लांबून घेताना मात्र जास्त जपावं लागतं. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमकं जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन हे मांडलं, आणि माहितीच्या या विषमतेवरच्या कामासाठी २००१ मध्ये त्याला इतर दोघांसोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या हातात एवढंच की ही माहिती जमेल तेवढी मागून घ्यायची. गाडी सुरू असताना किलोमीटरच्या काट्याचा फोटो मागा. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करतानाचा व्हिडिओ मागा, आवाजासकट. चारही टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे दिसतील असे फोटो मागा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी फारशी चाललेलीच नाही असं कुणी सांगत असेल आणि चार टायर चार वेगवेगळ्या वर्षांचे निघाले, तर कारण विचारा. आणि तिथल्याच, पण विकणाऱ्याच्या ओळखीच्या नसलेल्या एखाद्या मेकॅनिकला पैसे देऊन गाडी तपासून घ्या. "तपासणी कशाला, विश्वास ठेवा" असं उत्तर आलं तर ती गाडी सोडून द्या, कितीही आवडली असली तरी.

पैसे पाठवण्याची घाई कुणी केली तरी करू नका. खातं क्रमांक मेलमध्ये आला असेल तर शोरूमचा नंबर स्वतः वेगळा शोधून काढा, तिथे फोन करून तो क्रमांक त्यांच्याकडूनच वदवून घ्या. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करू नका, कारण मेल पाठवणाराच तोतया असेल तर फोन उचलणाराही त्याचाच माणूस असणार. बुकिंगची रक्कम लहान ठेवा आणि ती परत मिळेल की नाही, किती दिवसांत मिळेल, हे लेखी घ्या. बुकिंगच्या कागदावर चॅसिस नंबर मागा. तो १७ अक्षरांचा असतो, आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. कुणी फोनवर नंबर सांगताना "ओ" म्हणाला तर ते शून्यच लिहा.

ताब्याच्या दिवशी भाऊ पुन्हा सोबत होता, आता तो नोकरी करतो. सेल्समनने चावी काढून त्याच्यासमोर धरली. भावाने हात मागे घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, चावी नंतर. भाऊ बॉनेटजवळ वाकून चॅसिस नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचत गेला आणि मी हातातल्या बुकिंगच्या कागदावर एकेका अक्षराखाली टिंब देत गेले. सतरावं टिंब दिलं, फोन काढला आणि उरलेली रक्कम पाठवली, त्या मेलमध्ये लिहिलेली होती तेवढीच.