निळीचा हौद आणि फिरती पेटी

[दृश्य: निळीच्या हौदातून वर येणारं कापड]

बघा, आत्ता पिवळट हिरवं दिसतंय. वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होईल. नीळ पाण्यात विरघळत नाही. गूळ नाहीतर कोंडा खाऊन वाढणारे हौदातले जिवाणू तिला विरघळवतात. म्हणजे जुन्या पद्धतीचा रंगारी जिवाणूच पाळतो. हौद बिनसला की त्याला वासावरून कळतं.

[दृश्य: कलाभवन]

कलाकारांना जिवाणूंसोबत काम करता येईल अशी साधी प्रयोगशाळा आणि तिचं जाळं बडोद्यात उभं राहावं, असं मला वाटतं. प्रयोगशाळा आणि चित्रशाळा शेजारी असणं बडोद्याला नवं नाही. १८९० साली रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन निघालं. कापड रंगवणं हा तिथला खास विषय. आपले दादासाहेब फाळकेही तिथलेच विद्यार्थी.

[दृश्य: भिंग उलटं बसवलेला वेबकॅम]

हा झाला सूक्ष्मदर्शक! ही युक्ती हॅकटेरियावाल्यांनी, म्हणजे घरगुती साधनांनी जीवशास्त्राचे प्रयोग करणाऱ्या कलाकार-संशोधकांच्या जाळ्याने, जगभर पोचवली. २००९ मध्ये तिघांनी हे जाळं सुरू केलं, त्यांतले यशस शेट्टी बंगळुरूचे. त्याच वर्षी बंगळुरूच्या कला-डिझाइनच्या विद्यार्थ्यांनी जिवाणूंकडून पहिल्या पावसाचा मृद्गंध काढायचा घाट घातला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जेनस्पेस ही सगळ्यांसाठी खुली जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडली. तिथे काम करायला पदवी लागत नाही.

मृद्गंधासाठी मात्र जनुकं बदलावी लागतात. आपल्याकडे १९८९ च्या नियमांनुसार त्याला परवानगी हवी, आणि असावीच. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माडीवर ते नको. निळीचा हौद, कोम्बुचाची (आंबवलेल्या गोड चहाची) जाड साय, भुश्यावर वाढवलेली अळंबी, एवढ्यात कलाकाराची दोन वर्षं सहज जातील.

[दृश्य: प्रेशर कुकरची शिट्टी]

निर्जंतुक करायला हा पुरतो: १५ पौंड दाब, १२१ अंश, वीस मिनिटं.

राहिलं प्रयोगशाळांचं जाळं. १९१० साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन हे ग्रंथपाल आणले. वाचनालयं निघालीच, शिवाय पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. प्रयोगशाळाही तशीच फिरवावी. पेटीत कुकर, वेबकॅम, आगर (जिवाणू वाढवायची जेली), काचेच्या बश्या. बडोद्यातल्याच रावपुऱ्यातून वाडी भागात, तिथून विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सला. पहिली पेटी शाळेला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत. तिथे ती कपाटात जाते आणि किल्ली शिपायाकडे. रंगाऱ्याला द्या. सोबत एक वही असू द्या, हौद कधी नि कशाने बिघडला ते लिहायला. पुढचा माणूस आधी तेच पान शोधेल.