दाभोळचा करार वाचणारी माणसं

ही अंजनवेल. गुहागर तालुका, वाशिष्ठीच्या मुखाशी. दाभोळ खाडीपलीकडे, वीजप्रकल्पाला नाव त्याचं मिळालं, जमीन गेली ती इकडच्या गावांची.

डिसेंबर १९९३. महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीज खरेदी करार केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं. आणि करार गुप्त! ज्यांच्या बिलांतून पैसे जायचे, त्यांनाच तो बघायला मिळेना.

पुण्यात ‘प्रयास’ या वीजक्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे हिशेबाला बसले. १९९५ मध्ये त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचाच, आणि त्याचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये ४७ च्या. म्हणजे कंपनीने दर एक पैशाने वाढवला नाही, तरी तोच डॉलर मंडळाला दीडपट महाग. इंधनाचा खर्च वेगळाच.

हे एकट्या संस्थेचं काम नव्हतं. हिशेब पुण्यात झाला. ‘सिटू’ ही कामगार संघटना कराराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. इथल्या ग्रामस्थांनी पोलिसांच्या मारहाणीबद्दल जे सांगितलं, ते ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात नोंदलं गेलं. याचिका फेटाळली गेली, प्रकल्पही उभा राहिला. पण २००१ मध्ये महाग वीज परवडेना म्हणून मंडळाने ती घेणं थांबवलं. हे संकट सहा वर्षं आधीच कागदावर मांडलेलं होतं.

मग दाभोळ कंपनीतले एन्रॉनचे भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत, भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराच्या (एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देणाऱ्या दोन देशांमधल्या कराराच्या) आधाराने, भारत सरकारला लवादात, म्हणजे न्यायालयाबाहेरच्या निवाड्यात, खेचलं. २००५ मध्ये तडजोड झाली. गुहागरच्या विजेचं भांडण मॉरिशसपर्यंत जातं, म्हणून वीजदर जाणणारे, कायदा जाणणारे आणि गावकरी यांनी एकत्र बसूनच असे करार वाचायला हवेत.

२०१५ च्या अखेरीस भारताने गुंतवणूक कराराचा नवा नमुना मंजूर केला. परदेशी गुंतवणूकदाराने लवादाकडे जाण्याआधी ५ वर्षं इथल्या न्यायालयांत दाद मागायची, ही त्यातली रास्त अट. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या करारात ती ३ वर्षांवर आली. कराराचा मजकूर लोकांसमोर आला तो सह्या झाल्यानंतर. तो आधी यायला हवा होता.