आधी पोर्सिलेन, मग लाकूड

ही पेटी जरा निवांत बघा. बारीक पायांचं छोटंसं टेबल, त्याच्यावर बसवलेली दागिन्यांची पेटी, आणि सगळीकडून फुलांचे गुच्छ रंगवलेल्या पोर्सिलेनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, चपट्या पाट्या. साधारण १७७० ची, पॅरिसमध्ये बनलेली, आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. काम मार्टिन कार्लिनचं मानतात, म्हणजे जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून पॅरिसला आलेला कारागीर. अशीच एक पेटी पुढे फ्रान्सची राणी झालेल्या मारी आंत्वानेतसाठीपण बनली, ती तेव्हा १४ वर्षांची, नुकतीच लग्न होऊन फ्रान्सला आलेली. ती पेटी व्हर्सायच्या राजवाड्यात आहे.

आपल्याला वाटतं सुताराने पेटी केली आणि वरून पाट्या चिकटवल्या. पण नाही, उलटं आहे! पाट्या यायच्या पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या, फ्रान्सच्या राजाच्या कारखान्यातून, आणि त्या मागवायचा प्वारिए नावाचा व्यापारी, स्वतः काही बनवायचा नाही पण कुणाकडून काय करून घ्यायचं हे त्याला पक्कं माहीत. आता ही माती भट्टीत आकसते, कधी वाकडी होते, आणि एकदा भाजून बाहेर आली की तिला रंधा मारता येत नाही. लाकडाला येतो. म्हणून पाटीच्या मापाने लाकूड बेतायचं, आणि सांध्यावर सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूची चौकट बसवायची, कड झाकायला. मला तर ती चौकट सगळ्यात हुशारीची वाटते, लोक तिला नुसती सजावट समजून पुढे जातात.

पाटीच्या मागे कारखान्याची खूण असते आणि वर्षाचं अक्षर, १७७० साठी आर. म्हणून अशा फर्निचरचा काळ इतका नेमका सांगता येतो.

आणि हो, लाकूड आज असं तपकिरी दिसतंय ना, ते तेव्हा असं नव्हतं. यातलं ट्यूलिपवूड नावाचं लाकूड गुलाबी पट्ट्यांचं असतं, आणि सिकमोर झाडाचं लाकूड मुद्दाम रंगवलेलं, म्हणजे फुलांच्या शेजारी लाकूडसुद्धा रंगीत होतं. अडीचशे वर्षांच्या उजेडाने ते सगळं उतरत गेलं, पोर्सिलेनवरचे रंग मात्र भट्टीत पक्के झालेले, ते तसेच. अशा जुन्या फर्निचरची धातूची चौकट दुरुस्तीसाठी कधी उचलली, तर तिच्याखाली उजेड न लागलेली लाकडाची बारीक पट्टी सापडते, जुन्या रंगाची.