जामीन म्हणजे कोण?

'जामीन मिळाला' असं आपण म्हणतो, तेव्हा जामीन ही एक वस्तू झालेली असते. अर्ज केला, मंजूर झाला, मिळाला. मूळ अरबीत मात्र तो माणूस आहे, दुसऱ्याची हमी घेणारा. 'मी त्याला जामीन राहिलो' या वाक्यात तो माणूस अजून शिल्लक आहे. पण वस्तूचा अर्थ इतका बळावला, की माणूस वेगळा दाखवायला आपल्याला 'जामीनदार' म्हणावं लागलं.

फिर्यादीचंही तसंच. फारसीत फर्याद म्हणजे आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. आता ती 'दाखल' होते आणि तिला क्रमांक पडतो. कैफियतीच्या पोटात अरबी 'कैफ' आहे, म्हणजे 'कसं?'. जे घडलं ते कसं घडलं, हे सांगणं. दाव्याला प्रतिवादी जे लेखी उत्तर देतो, त्याला कोर्टात आजही कैफियतच म्हणतात.

वकील आणि अशील ही जोडी मला सगळ्यांत आवडते. अशील म्हणजे मूळचा. आपला 'अस्सल' त्याच्याच घरातला. मूळ माणूस अशील, त्याच्या जागी बोलणारा तो वकील. पेशवाईतला वकील कोर्टात नव्हे, परदरबारात असे. धन्याची बाजू तिथं मांडत असे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये शाहआलम बादशहाकडून पेशव्यांसाठी 'वकील-इ-मुतलक' हे पद मिळवलं, त्याचा अर्थ बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधी. आजच्या वकिलांना हे सांगितलं की ते खूश होतात.

दिवाणी आणि फौजदारी हे तर हुद्द्यांवरून आलेले शब्द. दिवाण महसूल पाहणारा, फौजदार बंदोबस्त ठेवणारा. ईस्ट इंडिया कंपनीला १७६५ मध्ये बंगाल-बिहार-ओरिसाची दिवाणी मिळाली. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं दिवाणी अदालत वेगळी आणि फौजदारी अदालत वेगळी केली. हुद्दे गेले, वाटणी राहिली.

आता साक्षी. हा संस्कृत शब्द, आणि त्याचा अर्थ पाणिनीनंच सूत्रात बांधून ठेवलाय : 'साक्षाद्द्रष्टरि संज्ञायाम्'. ज्यानं प्रत्यक्ष पाहिलं तो साक्षी. ऐकलेलं सांगणारा साक्षी नव्हेच! आता १८७२ चा पुराव्याचा कायदा काढा. कलम ६० म्हणतं, तोंडी पुरावा पाहिलेल्या गोष्टीचा असेल, तर ज्यानं ती पाहिली त्यानंच तो द्यायचा. ही अट इंग्रजी न्यायपरंपरेतून आली, पाणिनीकडून नव्हे. तरी शब्द आणि कलम एकमेकांना चपखल बसले. त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून जो लागू झाला, त्याच्या नावातच 'साक्ष्य' आहे.

साक्षीदार नसला तर? मराठेशाहीत त्यावर उपाय होता, दिव्य. रवा दिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग हात बांधून त्यावर मोहोर करत आणि काही दिवसांनी उघडून पाहत. फोड नसले तर माणूस खरा. 'तिनं केवढं दिव्य केलं' असं आपण कौतुकानं म्हणतो, तेव्हा हे तेल कुणाला आठवत नाही. आणि दिव्य ही शिक्षा नव्हती बरं का. तो पुरावा होता.